आठ नंबरचा कागद

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, त्या दिवसापासून नेव्हिल क्रॅडॉकचं बूड कुठं म्हणून टेकेना.

पडदा सुटला तो ऐन कापसाच्या फवारणीच्या दिवसांत. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहराच्या डॉक्टरांनी दोनदा शस्त्रक्रिया केली, पण त्या डोळ्यात उरला तो नुसता धुरकट उजेड. उजवा ठणठणीत होता. गाडी चालवायला एक डोळा पुरतो, पेपर वाचायलाही पुरतो. पण विजेच्या तारांखालून विमान घालून कापसाच्या शेंड्यांवरून पुरुषभर उंचीनं न्यायचं, तर अंतराचा अदमास दोन डोळ्यांशिवाय येत नाही. अर्धं आयुष्य फवारणीच्या विमानात काढलेल्या माणसाला तपासणीत नापास केलं, आणि त्याच्या पिवळ्या विमानात ताहलिया नावाची एक तरुण पोरगी बसली.

पहिले काही दिवस नेव्हिल घरामागच्या पडवीत रेडिओ घेऊन उभा राहायचा. विमानाचा आवाज आला की सुरू. "पुढं तार आहे गं." "वारा फिरलाय, थांब जरा." "इतक्या लवकर वळू नकोस!" ताहलिया बिचारी दर वेळी "हो नेव्ह, दिसतंय मला," म्हणायची. शेवटी विमानाचा मालक स्वतः घरी आला, चहा प्यायला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि जाताना रेडिओ काखेत मारून घेऊन गेला. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. त्यामुळे तर जास्तच लागलं.

मग नेव्हिलनं घराचा ताबा घेतला. फाटक एकदा दुरुस्त केलं, मग तेच पुन्हा दुरुस्त केलं. स्वयंपाकघरातली कपाटं त्यानं स्वतःच्या अकलेनं अशी लावली की त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, चहाची पावडर सापडेना. ग्लेनिसचं केस कापायचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. हा तिथं येऊन खिडकीशी उभा राहायचा, आभाळाकडं बघायचा, परत आत जायचा, परत यायचा.

"नेव्ह," एकदा ती गिऱ्हाईकासमोरच म्हणाली, "लोक इथं केस कापायला येतात. तुझ्या येरझाऱ्या मोजायला येत नाहीत."

त्या दिवशी खुर्चीत मर्व्ह लुडविग बसला होता. मर्व्हची ज्वारी गावाच्या पश्चिमेला, काळ्या मातीच्या सपाटीवर, नजर पोचेल तिथवर. नेव्हिलनं त्याच्या शेतावर इतकी वर्षं फवारणी केली होती की त्या रानातला एकूण एक खांब त्याला पाठ होता. मर्व्हच्या डोक्यावर केस राहिले होते मोजके. तो कापायला कमी आणि बोलायला जास्त यायचा.

"मर्व्ह, बाबा रे, याला कुठंतरी घेऊन जा," ग्लेनिस म्हणाली. "आणि परत आणायची घाई करू नकोस."

"शनिवारी क्लबात ये माझ्याबरोबर," मर्व्ह आरशातूनच म्हणाला. "माशी मारायला."

"माशा मारायला लोक क्लबात जातात होय? मी घरी तेच करतोय."

"कागदावरची माशी रे. पाचशे मीटरवर कागद, कागदाच्या मध्यावर खरोखरच्या माशीएवढी माशी छापलेली. सिमेंटच्या टेबलावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल. बसायचं आणि एका कागदावर पाच गोळ्या घालायच्या. पाची जितक्या जवळजवळ आणि जितक्या माशीजवळ, तितकं चांगलं. असे सहा कागद. संपलं."

"बसून?"

"बसून."

"मला एकच डोळा आहे, मर्व्ह."

"रायफलीला दुसरा लागतो कुठं? आम्ही मिटून घेतो, तुझा देवानं आयता मिटलाय."

नेव्हिल हसला. फुर्रकन, नाकातून, पण हसला. ग्लेनिसची कात्री थांबली. तिनं आरशातून मर्व्हकडं असं बघितलं की मर्व्हनं त्याच क्षणी ठरवलं, आता याला खांद्यावर टाकून न्यावं लागलं तरी न्यायचं.

रानडुकरं मारण्यापुरता बंदुकीचा परवाना नेव्हिलकडं होताच. मर्व्हनं आपली जुनी रायफल काढली, तिच्यासाठी स्वतःच्या हातानं काडतुसं भरली आणि मधल्या आठवड्यात क्लबाच्या मैदानावर नेऊन त्याच्याकडून थोड्या गोळ्या झाडून घेतल्या. रायफल वजनदार होती, वर हातभर लांबीची दुर्बीण. चाप इतका हलका की बोट नुसतं टेकायचा अवकाश. डुकरामागं धावताना ओढायच्या चापाशी त्याचं काही नातं नव्हतं.

"ओढायचा नाही," मर्व्ह सांगायचा. "मनात आणायचं फक्त."

"आणि वारा?"

"वारा अर्धा खेळ आहे. त्या झेंड्या बघायच्या."

"वारा मला शिकवू नकोस," नेव्हिल म्हणाला. "माझी हयात गेलीय त्यात."

"वरचा वारा तुझा, लेका. हा खालचा. हा गवतातून सापासारखा जातो."

सप्टेंबरचा शनिवार होता. इकडची थंडी सरलेली, सकाळी गारवा आणि दहाच्या पुढं पश्चिमेचा कोरडा वारा. पत्र्याच्या लांब शेडखाली सिमेंटची टेबलं ओळीनं, समोर पाचशे मीटर कापलेलं गवत, आणि त्यात टप्प्याटप्प्यानं रोवलेल्या वाऱ्याच्या झेंड्या, शेपट्या फडफडवणाऱ्या. पलीकडच्या टोकाला मातीचा बांध आणि बांधापुढं पांढऱ्या कागदांची रांग. प्रत्येक कागदाखाली मोठा काळा आकडा. नेव्हिलला सात नंबरचं टेबल मिळालं.

आठ नंबरवर कोरॅली पेन्हॉल होती. साठी उलटलेली, किंगरॉयकडं भुईमुगाची शेती, उन्हानं भाजलेले हात, तोंडात सतत बडीशेपेची गोळी. तिनं टेबलावर टॉवेल अंथरला होता. त्यावर काडतुसं अशी उभी केलेली, जणू लग्नाच्या पंगतीतले पेले. नेव्हिल बसला आणि त्याचा डावा पाय नेहमीप्रमाणे आपोआप हलायला लागला.

"नवीन का?" कोरॅलीनं विचारलं.

"हो. नेव्हिल."

"नेव्हिल, तो पाय तेवढा बंद करतोस का? माझ्या चहात लाटा यायला लागल्यात."

मर्व्ह मागून कुजबुजला, "तिच्याशी नीट वाग. न्यूझीलंडला जायचा संघ आज ठरणार आहे. गेल्या दोन्ही खेपेला बाई थोडक्यात राहिली. यंदा आपलं नाव लागणारच म्हणून बसलीय."

मैदानाचा अधिकारी बेव्हन, पोटावर शिट्टी लोंबकळणारा उंच माणूस, सगळ्यांना नियम सांगून गेला. आधी चाचणीच्या गोळ्या, हव्या तितक्या, बांधावरच्या लोखंडी पट्ट्यांवर. मग नोंदीच्या पाच, आपापल्या कागदावर. वेळ ठरलेली. थांबा म्हटलं की थांबायचं आणि रायफलीची खिट्टी बाहेर काढून टेबलावर ठेवायची. आणि गोळीबार चालू असताना शेडखाली बोलणं नाही.

पहिल्या कागदाला नेव्हिलला थांबवेचना. चाचणीच्या दोन गोळ्या मारल्या, पट्टीवर ठण्ण झालं, आणि त्यानं पाची गोळ्या धडाधड संपवल्या. बाकीचे अजून झेंड्यांकडं बघत बसलेले. हा रिकाम्या हातानं बसला. मग ट्रॅक्टरच्या मागं जोडलेल्या गाडीवर बसून सगळे कागद बदलायला गेले, तेव्हा मर्व्हनं त्याचा कागद उतरवून उन्हात धरला. पाची भोकं तळहाताएवढ्या जागेत, माशीच्या थोडी वर.

"हे काय रे?" मर्व्ह म्हणाला. "वाईट नाही हे! पहिल्यांदा आलास ना?"

इतक्या महिन्यांत त्याला कुणी वाईट नाही असं म्हटलं नव्हतं.

आणि तिथंच घात झाला. दुसऱ्या कागदाला त्यानं तशीच घाई केली. पण वारा तोवर जागा झाला होता. गोळ्या डावीकडं गेल्या, उजवीकडं गेल्या, एक तर कागदाच्या कडेला जाऊन बसली. तिसऱ्याला त्यानं शहाणपण करून थांबायचं ठरवलं, तर थांबताना पायाला मुंग्या, मानेला घाम, जवळची झेंडी एक सांगतेय आणि लांबची भलतंच. उन्हानं जमीन तापली तशी दुर्बिणीतली माशी पाण्यातल्या मासोळीसारखी लवलवायला लागली. वरून, विमानातून, वारा एका नजरेत कळायचा. धूर कुठं झुकलाय, तळ्यावर लाटा कुठल्या अंगाला आहेत, गव्हाची ओंबी कशी लोळतेय. इथं सगळं नळीएवढ्या भोकातून. त्याला वाटलं, कुणीतरी आपलं डोकं पिंपात घातलंय.

शेजारी कोरॅली मात्र लयीत होती. गोळी, खिट्टी, काडतूस, झेंड्यांवर एक नजर, गोळी. ती घाईही करत नव्हती आणि थांबतही नव्हती. तिचे तिन्ही कागद बघून लोक मान हलवून गेले होते.

चौथा कागद. नेव्हिलनं पहिल्या तीन गोळ्या बऱ्या मारल्या. मग झेंड्या उलट्या फिरल्या. त्यानं डोळा दुर्बिणीतून काढला, लांबची झेंडी बघायला मान वळवली, डाव्या अंगाला दिसत नाही म्हणून आणखी वळवली, कोपर रायफलीच्या दस्त्याला लागलं. पिशवीवर रायफल केसभर सरकली. पाचशे मीटरवर केसभर म्हणजे किती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. परत डोळा लावला, कागद दिसला, माशी दिसली. बोट टेकलं.

रायफल मागं सरकली, दुर्बिणीतलं चित्र हललं आणि स्थिरावताना कागदाखालचा आकडा समोर आला. आठ.

"माझी!" नेव्हिल ओरडला. "आठ नंबरवर माझी गोळी गेली! चूक माझी!"

विमानातल्या माणसाचा आवाज तो, इंजिनाच्या वर चढायची सवय असलेला. पत्र्याखाली तो असा घुमला की छपरावरचे गुलाबी काकाकुवे उडाले. आणि त्याच क्षणी शेजारी कोरॅलीची रायफल कडाडली.

कोरॅलीनं रायफलीवरून हात काढले, दोन्ही हात टॉवेलवर पालथे ठेवले आणि समोर बघत राहिली.

बेव्हननं शिट्टी वाजवली. खिट्ट्या बाहेर आल्या.

ट्रॅक्टरच्या गाडीवर नेमकी ती नेव्हिलच्या समोर आली. गाडी खडखडत निघाली. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. बाकीचे लोक आभाळाकडं, ट्रॅक्टरकडं, आपापल्या बुटांकडं बघत होते.

"ती माझी पाचवी होती," शेवटी कोरॅली म्हणाली. "चार गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या गेल्या असत्या. आणि तू बोंबललास."

"मी कबूल करत होतो. लपवलं नाही मी."

"लपव म्हणालं कोण? बोटाच्या टोकावर जीव ठेवून बसलेय मी, आणि शेजारून हा भोंगा! गोळी माझ्या कागदावर आली, चालेल. नवीन माणसाच्या हातून होतं. मलाही झालंय. बेव्हन आला असता, तू त्याला हळूच सांगितलं असतंस. त्याचा नियम आहे. तुझ्या ओरडण्याला नियम नाही."

"तुम्ही समजून घ्या," नेव्हिल म्हणाला. "विमानात चूक झाली की तिथल्या तिथं ओरडायचं असतं. गप्प बसला तर माणूस मरतो."

"इथं कोण मरत होतं?"

गाडी बांधापाशी थांबली. आठ नंबरच्या कागदावर सहा भोकं होती. चार एकमेकांत मिसळलेली, एक नेव्हिलची, जराशी खाली, आणि एक पार वरच्या कोपऱ्यात. कोरॅलीनं तो कागद उतरवला, गुंडाळला आणि बेव्हनच्या हातात दिला.

पंचांनी डोकी एकत्र केली. निर्णय झाला: नेव्हिलचा चौथा कागद बाद. कोरॅलीचा चौथा रद्द, तिला नवा कागद मिळेल. पण सगळ्यांचे सहाही कागद संपल्यावर. मधेच एकटीसाठी सगळी रांग थांबवता येणार नाही.

"म्हणजे दुपारी," ती म्हणाली. "वारा पिसाळल्यावर."

"दुसरी वेळ नाही माझ्याकडं, कोरॅली," बेव्हन म्हणाला. त्याच्या तोंडावरही आनंद नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत शेडमागं तव्यावर सॉसेज आणि कांदा परतत होते. मर्व्हनं पावात गुंडाळून एक नेव्हिलच्या हातात दिलं. त्यानं ते तसंच धरून ठेवलं आणि शेडभोवती फेऱ्या मारायला लागला. एक फेरी, दुसरी. निलगिरीच्या झाडाखालून जाताना काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्यानं वरून झेप घेऊन त्याच्या टोपीवर टोच मारली. झाडावर त्याचं घरटं होतं. नेव्हिल वाकला, सॉसेज मातीत पडलं, आणि तेवढ्यावरून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

"मर्व्ह, चल. घरी सोड मला."

"दोन कागद राहिलेत तुझे."

"काय करायचेत? शेवटून पहिला येणार मी."

"येशील की. कुणीतरी यायलाच लागतो."

"मी चाललो."

"चाल ना. रायफल माझी, गाडी माझी, डबाही माझा. तुझे पाय तेवढे तुझे. साठ किलोमीटर आहे, संध्याकाळपर्यंत पाव रस्ता कापशील." मर्व्हनं बोटावरचा कांदा चाटला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नेव्ह, तू आत्ता गेलास ना, तर ती म्हातारी तुझ्यावर फक्त चिडलेली राहील. बसलास तर निदान तुझ्यावर चिडायला तिला समोर कुणी असेल. एवढं तरी तिचं देणं लागतोस."

नेव्हिल बसला. पाचवा कागद त्यानं कसाबसा संपवला. चाप दोनदा नको तेव्हा सुटला. सहाव्याला त्यानं कशाचाच विचार केला नाही. पाय दोन्ही खुर्चीच्या पायांत अडकवले आणि एकेक गोळी मारत गेला, घाई नाही, वाट बघणंही नाही. कागद जेमतेम बरा आला. कुणी बघितला नाही. सगळ्यांचं लक्ष आता आठ नंबरकडं होतं.

दुपारचे तीन. वारा पश्चिमेकडून दमादमानं येत होता, मधेच बंद पडत होता, मधेच उलटा. झेंड्या वेड लागल्यासारख्या. कोरॅलीनं टॉवेल झटकून अंथरला, काडतुसं उभी केली आणि तोंडात बडीशेपेची नवी गोळी टाकली. बाकी सगळे शेडच्या मागच्या अंगाला, बाकांवर. ज्यांच्याकडं लहान दुर्बिणी होत्या ते कागदावर नजर लावून. नेव्हिलला मर्व्हनं बाकाच्या टोकाला बसवलं.

"आणि हे बघ," मर्व्ह कानाशी म्हणाला, "ती मारत असताना तिला मदत करायची नाही कुणी. खोकलायचं पण नाही. कळलं?"

"मी लहान नाही."

"तेच तर."

पहिली गोळी. दुर्बीण लावलेला एक जण बोटानं खूण करून सांगत होता: माशीच्या शेजारी. दुसरी तिला चिकटून. तिसऱ्या वेळी वाऱ्यानं दगा दिला. गोळी उजवीकडं बोटभर सरकली. बाकांवर एक निःश्वास झाला. कोरॅलीची पाठ हलली नाही.

नेव्हिलकडं दुर्बीण नव्हती. त्यामुळे तो आपल्या सवयीनं जिथं बघत आला होता तिथंच बघत होता. लांब, मैदानाच्या पलीकडं, आभाळ आणि जमीन भेटतात तिथं. आणि त्याला ती दिसली. उजव्या हाताला, नांगरून मोकळ्या टाकलेल्या काळ्या रानात, वावटळ. आधी धुळीचा एक झुबका. मग खांब. मग तो खांब वाकडा होत, कुंपणाकडं यायला लागला. वाळकी धाटं त्यात गरगरत होती. अशा वावटळी त्यानं वरून शेकड्यानं पाहिल्या होत्या. कुठली विरेल आणि कुठली येईल ते त्याला कळायचं. ही येणार होती. कागद आणि शेडच्या मधल्या पट्टीवरून, आडवी. तिच्या आधी काही क्षण सगळ्या झेंड्या मरगळून खाली पडतील, एकदम शांत होईल, आणि नेमबाजाला वाटेल, मिळाली संधी. त्या शांततेत मारलेली गोळी वाटेत वावटळीला भेटणार.

चौथी गोळी. खूण झाली: आत.

नेव्हिलनं इकडंतिकडं बघितलं. सगळे डोळे कागदावर. बेव्हन घड्याळाकडं बघतोय. मर्व्ह तिच्या खांद्याकडं बघतोय. उजवीकडं कुणीच बघत नव्हतं. कोरॅलीचा डोळा दुर्बिणीत.

त्याच्या घशात शब्द येऊन बसला. थांब. एवढाच, दोन अक्षरी. त्यानं दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबले. जीभ दातांत धरली. एवढा एक शब्द बोललो तर ती वाचेल, असं वाटलं. आणि बोललो तर तिचं बोट पुन्हा दचकेल, पंच तो कागद पुन्हा बाद करतील, आणि ती या जन्मात आपलं तोंड बघणार नाही. आणि नाही बोललो तर? मग ती गोळी वाया जाईल, आणि आपण दिसत असून गप्प बसलो, हे आपल्याला एकट्याला माहीत राहील. कुंपण ओलांडून धुळीचा खांब मैदानात आला. झेंड्या एकेक करत खाली पडल्या. जवळची, मधली, लांबची. शांत. पानही हलेना.

कोरॅलीनं काडतूस घातलं, खिट्टी बंद केली. बोट चापाकडं गेलं.

आणि तिनं बोट काढलं. मागं सरली. खिशातून रुमाल काढला आणि जोरात, दोन्ही नाकपुड्यांतून, नाक शिंकरलं.

वावटळ आली. धाटं, धूळ, एक प्लॅस्टिकची पिशवी, सगळं घेऊन पट्टीवरून आडवी गेली. मधली झेंडी खांबासकट उपटली गेली. कागद फडफडले. बाकांवरच्यांनी टोप्या धरल्या. कोरॅलीनं रुमाल घडी करून खिशात ठेवला, डोळे चोळले, डोळा लावला. पश्चिमेचा साधा, सकाळपासूनचा ओळखीचा वारा परत आला होता. तिनं पाचवी गोळी मारली.

खूण झाली: आत.

नेव्हिलनं श्वास सोडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्या तोंडात रक्ताची चव आहे.

निकाल लागायला वेळ गेला. कागद मोजले, परत मोजले. संघात चौघं जायचे होते. कोरॅलीचं नाव पाचवं आलं, राखीव म्हणून. त्या तिसऱ्या गोळीनं मागं ओढलं. ज्या गृहस्थाचं नाव चौथं आलं तो टूवूम्बाचा होता, त्याच्या आणि तिच्यात फरक नखाच्या जाडीएवढा. लोक तिचा हात हातात घेत होते. नेव्हिल यादीत सगळ्यात खाली होता. त्याला कुणीच काही म्हटलं नाही. तेही बरंच झालं.

बेव्हन म्हणाला, "झेंड्या गोळा करायला कोण जातंय?"

"मी जाते," कोरॅली म्हणाली. "आणि हा येईल." तिनं नेव्हिलकडं बोट केलं.

दोघं पट्टीतून चालत निघाले. ऊन तिरकं झालं होतं. ती झेंडी उपटायची, तो कवेत घ्यायचा.

"सकाळच्या वाऱ्यात मारला असता तो कागद, तर मी गेले असते," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस."

"नाही विसरणार."

"आणि माफीबिफी मागत माझ्यामागं हिंडू नकोस. मला ते आवडत नाही."

"बरं."

अजून एक झेंडी. शेवटी त्याला राहवेना. "एक विचारू? ती वावटळ तुम्ही बघितली होती का?"

"कुठली वावटळ?"

"आली ती! पाचव्या गोळीच्या आधी. तुम्ही थांबलात ना?"

"नाक वाहत होतं माझं," कोरॅली म्हणाली. "दुपारपासून. गवताच्या परागांनी होतं मला सप्टेंबरात. वावटळ आली तेव्हा कळली. का रे?"

नेव्हिल जागच्या जागी उभा राहिला. कवेतल्या झेंड्यांच्या शेपट्या त्याच्या तोंडावर उडत होत्या.

"मला दिसली होती," तो म्हणाला. "लांबूनच. कुंपणापलीकडं होती तेव्हापासून. मी ओरडलो नाही."

कोरॅली वळली. पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. आधी चांगल्या डोळ्याकडं, मग दुसऱ्याकडं.

"ओरडला असतास तर?"

"पुन्हा तेच झालं असतं."

"मग? शाबासकी पाहिजे?"

"नको."

"मग सांगतोस कशाला?"

नेव्हिलनं विचार केला. खरंच कळेना. "जीभ चावली मी," तो म्हणाला. "रक्त आलं. तिथं बसवत नव्हतं. तुम्हाला कळलंच नसतं."

"दाखव."

"काय?"

"जीभ दाखव."

त्यानं पन्नाशी उलटलेल्या वयात, मोकळ्या मैदानात, जीभ बाहेर काढली. कोरॅलीनं डोळे बारीक करून बघितली, जशी वासराची बघतात.

"हं," ती म्हणाली. "चांगलीच चावलीस." तिच्या तोंडाची एक बाजू जराशी वर गेली, मग परत खाली आली. खिशातून बडीशेपेची गोळी काढून तिनं त्याच्यापुढं धरली. "घे. झोंबेल. पण घे."

झोंबली. त्यानं ती गालात फिरवली. पुढची झेंडी वावटळीनं उपटून गवतात फेकली होती, ती शोधत दोघं थोडं आडवे गेले. नेव्हिलला ती आधी दिसली. त्यानं नुसतं बोट केलं.

"पुढच्या महिन्यात येणार आहेस का?" तिनं वाकून ती उचलत विचारलं.

"माहीत नाही. मर्व्हला विचारलं पाहिजे, रायफल त्याची."

"येणार असशील तर मी बेव्हनला सांगून ठेवते. तुला टोकाचं, एक नंबरचं टेबल द्यायला. एका बाजूला तरी नुसतं कुंपण असेल."

ती झेंडी त्याच्या कवेत टाकून पुढं निघाली. अजून बऱ्याच राहिल्या होत्या. नेव्हिल तिच्या मागोमाग, तिच्याइतक्याच सावकाश चालायचा प्रयत्न करत गेला. ते काही त्याला जमलं नाही. दोनदा तो तिच्या पुढं गेला आणि दोनदा थांबून त्यानं तिची वाट बघितली.